वरचे कोरडे धान्य

आठवीच्या घटक चाचणीत मी उर्दूच्या पेपरात वडाच्या झाडावर एक उतारा दिला होता. वडाच्या फांद्यांना पारंब्या फुटतात, त्या जमिनीत रुजतात, पुढे त्यांचीच खोडे होतात आणि एकच झाड पाहता पाहता बाग होऊन बसते, असा साधा माहितीपर उतारा. शेवटचा प्रश्न नेहमीचाच, उताऱ्याला मुनासिब उन्वान द्या. गुण एक. बहुतेक मुलांनी ‘बरगद का दरख्त’ लिहिले. दोघी-तिघींनी ‘कुदरत का करिश्मा’ असेही लिहिले. एका मुलाने मात्र लिहिले होते, ‘इस दरख्त ने ज़मीन के साथ जो किया, जान कर आप के होश उड़ जाएंगे’.

स्टाफरूममध्ये मी तो पेपर सर्वांना दाखवला आणि आम्ही पोट धरून हसलो. मग मी त्या शीर्षकावर लाल रेघ मारून शून्य दिले. पेपर वाटल्यावर तो मुलगा टेबलाशी आला. भांडायला आला नव्हता, त्याला खरोखरच कळून घ्यायचे होते. “मिस, इस में झूट क्या है?”

मी म्हटले, झूट नाही, पण मुनासिब नाही. तो म्हणाला, झाड जमिनीत पारंब्या रोवते हे उताऱ्यातच आहे, आणि ते वाचून मला खरेच आश्चर्य वाटले, मग मुनासिब का नाही? मधल्या सुट्टीची घंटा झाली म्हणून मी सुटले. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला आणि अजून आहे. ज्या मथळ्यात एकही शब्द खोटा नाही, त्याला आपण फसवणूक का म्हणतो? आणि ती फसवणूक असेल, तर नेमके कोणाचे काय गेले?

बातम्यांच्या संकेतस्थळांविषयी ही तक्रार आता घरोघर ऐकू येते. ‘शिक्षकांसाठी मोठी बातमी’ म्हणून उघडावे तर आत दुसऱ्याच राज्यातल्या शिक्षकांची बातमी असते. ‘या प्रसिद्ध अभिनेत्याचे निधन’ वाचून काळजाचा ठोका चुकतो, आणि आत आपण कधी नावही न ऐकलेला परदेशी नट निघतो. ‘उद्यापासून बँका बंद?’ या मथळ्याचे उत्तर सहाव्या परिच्छेदात ‘नाही’ असे असते, तेही तीन जाहिराती ओलांडल्यावर. लोक वैतागतात, बातमीखाली चार कडवट शब्द लिहितात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडतात. मीही उघडते.

उर्दूत मथळ्याला आपण सुर्खी म्हणतो. जुन्या हस्तलिखितांत मजकूर काळ्या शाईने आणि प्रकरणाचे नाव लाल शाईने लिहिले जाई, म्हणून ती सुर्खी. लाल शाईचे काम एवढेच होते की, पाने चाळणाऱ्याला कुठे काय आहे ते लांबून कळावे. कातिबांच्या काळात उर्दू वर्तमानपत्राची सुर्खी जाड कलमाने लिहिली जाई, तीही दुरून वाचता यावी म्हणून. मराठीतला ‘मथळा’ माथ्यावरून आला. माथा ज्याच्या धडावर आहे त्याचाच असायला हवा, ही साधी अपेक्षा त्या शब्दातच आहे. या दोन्ही भाषांत मथळा हा वाचणाऱ्याच्या सोयीचा होता. पुष्कळदा सुर्खी वाचूनच कळायचे की ही बातमी आपल्या कामाची नाही, आणि माणूस पुढे जायचा. आजच्या मथळ्याला नेमके हेच नको आहे. माणूस पुढे गेला तर त्याचे नुकसान होते.

माझा एक माजी विद्यार्थी शहरात अशाच एका मराठी संकेतस्थळावर काम करतो. उर्दू माध्यमातून शिकून मराठी पत्रकारितेत गेला याचा मला अभिमान आहे. ईदला भेटायला आला तेव्हा मी त्याच्यापुढे हीच तक्रार मांडली. तो थोडा ओशाळला आणि मग त्याने कामाचे स्वरूप सांगितले. दिवसाला पंधरा-वीस बातम्या करायच्या, त्यातल्या बहुतेक इतरांच्या बातम्यांवरून. कार्यालयातल्या पडद्यावर कोणती बातमी किती जणांनी उघडली याचा आकडा सतत हलत असतो. जाहिरातीचे पैसे त्या आकड्यावर, आणि महिन्याअखेरीस त्याचे मोजमापही त्याच आकड्यावर. “मॅडम, पहिले सहा महिने मी सरळ मथळे देत होतो. लोकांनी उघडलेच नाहीत. मग साहेबांनी तीच बातमी मथळा बदलून टाकायला लावली. पाचपट लोक आले. आता तुम्हीच सांगा, लोकांना काय हवे आहे?”

त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. माणसाला जे अर्धवट कळते ते पूर्ण कळून घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. अमेरिकेतील जॉर्ज लोवेनस्टाइन या अभ्यासकाने १९९४ मध्ये कुतूहलाचा विचार याच अंगाने मांडला होता. जे माहीत आहे आणि जे माहीत करून घ्यायचे आहे यांच्यातली फट टोचू लागते, ते कुतूहल. २०१२ मध्ये तिकडेच निघालेल्या अपवर्दी नावाच्या संकेतस्थळाने या फटीचे शास्त्रच करून टाकले. एका मजकुरासाठी पंचवीस मथळे लिहायचे, त्यांतले काही वेगवेगळ्या वाचकांना दाखवून बघायचे आणि जो जास्त उघडला जाईल तो कायम करायचा, अशी त्यांची रीत होती. पुढे त्यांच्या प्रयोगांची माहिती अभ्यासकांना उपलब्ध झाली. एक लाखाहून अधिक मथळ्यांच्या तपासणीवर आधारलेला एक निबंध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, सरासरी लांबीच्या मथळ्यात नकारात्मक छटेचा एकेक शब्द वाढला की तो उघडण्याचे प्रमाण सुमारे २.३ टक्क्यांनी वाढते. ‘धक्कादायक’, ‘भयंकर’, ‘खळबळ’ हे शब्द उगीच आलेले नाहीत. आपणच ते बोटाने मागवले आहेत. पण हेही खरे की, २०१४ मध्ये फेसबुकने वाचकांना विचारले तेव्हा दहापैकी आठ वेळा त्यांनी असा मथळा पसंत केला, जो वाचून आत जायचे की नाही हे ठरवता येईल. म्हणजे बोट एक मागते आणि विचारले तर तोंड दुसरेच सांगते. साहेब बोटाचे ऐकतात. घरात मूल गोड मागते म्हणून रोज गोडच वाढावे का, असे मी माझ्या विद्यार्थ्याला विचारणार होते. पण त्याच्या पगारावर त्याचे घर चालते आणि माझ्या पगाराला आकड्यांशी काही घेणे नाही, हे आठवून मी गप्प राहिले.

मुलाच्या प्रश्नाकडे परत येते. खोटे न बोलता फसवण्याची गोष्ट महाराष्ट्रात कोणाला सांगावी लागत नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ हे आपण रोजच्या बोलण्यात वापरतो. धर्मराज खोटे बोलला नाही, अश्वत्थामा नावाचा हत्ती मेलाच होता. तरीही जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला, असे महाभारतकार सांगतात. शब्द खरे होते, पण ऐकणाऱ्याच्या मनात जे उभे राहणार होते ते खोटे होते आणि बोलणाऱ्याला ते ठाऊक होते.

आपल्याकडची गोष्ट मला अधिक जवळची वाटते, कारण ती बाजारातली आहे. सहीह मुस्लिममध्ये ती आली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला. आत बोटांना ओल लागली. विक्रेत्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, पावसाने भिजले. मग हे भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे प्रेषितांनी विचारले आणि फसवणारा आमच्यातला नाही असे बजावले. या प्रसंगात विक्रेता एक शब्दही खोटा बोललेला नाही. विचारले तेव्हा त्याने खरेच सांगितले. वरचे धान्य कोरडे होते, तेही खरे. त्याचा दोष फक्त रचनेत होता. काय वर ठेवायचे आणि काय खाली, हे त्याने गिऱ्हाइकाच्या नव्हे तर स्वतःच्या फायद्याने ठरवले होते. बातमीत मथळा म्हणजे राशीचा वरचा थर. सहाव्या परिच्छेदातले ‘नाही’ हे खालचे ओले धान्य.

अशीच दुसरी हदीस दुभत्या जनावराची. विकण्याआधी दोन-तीन दिवस बकरी किंवा उंटीण पिळायची नाही, सड बांधून ठेवायचे, म्हणजे कास भरलेली दिसते. बाजारात नेली की भाव येतो. इथेही तोंडाने कोणी काही बोलत नाही. घेणाऱ्याला घरी गेल्यावर कळले, तर जनावर परत करण्याचा हक्क आहे, आणि काढलेल्या दुधाच्या बदल्यात सोबत एक साअ खजूर द्यावी, असे त्या हदीसमध्ये आले आहे. परत करण्याच्या या तरतुदीबद्दल हनफी आणि शाफई फकीहांत मतभेद आहे, पण कास फुगवणे ही फसवणूक आहे याबद्दल तो नाही. मला यातली परतीची बाजू महत्त्वाची वाटते. बाजारातली बकरी परत करता येते. उघडलेली बातमी परत करता येत नाही. आपण चिडून मागे आलो तरी आकडा पडलेलाच असतो, आणि फसलेला वाचक व समाधानी वाचक त्या पडद्यावर सारखेच मोजले जातात. माझ्या विद्यार्थ्याचे साहेब म्हणतात ‘पाचपट लोक आले’, तेव्हा त्या पाचपटीत कपाळावर हात मारून परत गेलेले किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

पण इथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणे बरे नाही. खऱ्या शब्दांनी समोरच्याचा गैरसमज होऊ देणे दर वेळी वाईटच असते, असे आपली परंपराही म्हणत नाही. हिजरतच्या प्रवासात हजरत अबू बकर (रजि.) यांना वाटेत लोक विचारत, तुमच्याबरोबरची ही व्यक्ती कोण? ते उत्तर देत, हे मला वाट दाखवतात. ऐकणाऱ्याला वाटे, रस्त्याचा वाटाड्या असेल. त्यांच्या मनातली वाट वेगळी होती. हे सहीह बुखारीत आहे. अशा दुहेरी बोलण्याने माणूस खोट्यापासून वाचतो, असे हजरत उमर (रजि.) यांचे मत सांगितले जाते. इमाम गजाली यांनी ‘इह्या’मध्ये त्याला गरजेची अट घातली आहे, गरज नसताना ते नापसंत. तेव्हा फरक शब्दांचा नाही. एका ठिकाणी मागे मारेकरी होते आणि ऐकणाऱ्याच्या गैरसमजाने त्याचे स्वतःचे काही गेले नाही. दुसऱ्या ठिकाणी ज्याचा गैरसमज होतो त्याच्याच खिशातून कमाई होते, मग ती दहा सेकंदांची का असेना.

कुतूहल जागवणे हाच गुन्हा, असेही म्हणता येणार नाही, नाहीतर आम्हा शिक्षकांना वर्गात तोंड उघडता येणार नाही. मी स्वतः धडा सुरू करताना “बताओ, वह कौन सी चीज़ है” असे म्हणून मुलांना तंगवते. कुरआनच्या तिसाव्या पाऱ्याचा आरंभ ज्या सूरहने होतो ती अन-नबा. नबा म्हणजे बातमी. तिची पहिली आयत प्रश्नाने सुरू होते, हे लोक एकमेकांना कशाबद्दल विचारत आहेत? आणि दुसऱ्याच आयतीत उत्तर आहे, त्या मोठ्या बातमीबद्दल. कलामे पाकची तुलना कशाशी करण्याचा माझा अधिकार नाही, तो हेतूही नाही. एवढेच म्हणायचे आहे की, प्रश्न विचारून लक्ष वेधणे ही रीत मुळात वाईट असती तर ती तिथे आली नसती. वेधलेल्या लक्षाचे पुढे काय करता, यावर सारे आहे.

या विषयावर विचार करताना मला हदीसशास्त्रातला एक शब्द सापडला आणि मुलाच्या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उत्तर तिथे मिळाले. शब्द आहे तदलीस. मुळात तो बाजारातला, मालातला दोष झाकणे या अर्थाचा. मुहद्दिसांनी तो बातमी सांगणाऱ्यांना लावला. एखादा रावी आपल्या उस्तादाकडून प्रत्यक्ष न ऐकलेली हदीस सांगताना ‘मी ऐकले’ असे म्हणत नाही, कारण ते खोटे होईल. तो म्हणतो ‘अमक्याकडून’. अरबीत ‘अन’, एवढासा शब्द. तो खराच असतो, कारण गोष्ट मूळ अमक्याकडूनच आलेली असते. मध्ये एक माणूस गाळलेला असतो, तो कदाचित कच्चा असतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की याने स्वतः ऐकले. हिजरी दुसऱ्या शतकातले मोठे मुहद्दिस शोबा बिन हज्जाज यांनी तदलीसला खोटेपणाचा भाऊ म्हटल्याचे सांगतात. त्यांचा शब्द ‘भाऊ’ आहे, ‘खोटेपणा’ नाही. हा फरक त्या लोकांनी काळजीने जपला.

पुढे त्यांनी काय केले ते आणखी महत्त्वाचे आहे. तदलीस करणाऱ्या विश्वासू रावीला त्यांनी लबाड म्हणून सरसकट बाद केले नाही. नियम केला की, तो जिथे स्पष्ट ‘मी ऐकले’ म्हणेल तिथे त्याचे घ्यावे, जिथे नुसते ‘अमक्याकडून’ म्हणेल तिथे थांबावे. नवव्या हिजरी शतकात हाफिज इब्न हजर अस्कलानी यांनी अशा रावींची यादी करून पाच दर्जे लावले. कधीमधीच करणारे, फक्त भरवशाच्या माणसाला गाळणारे, सर्रास करणारे, अशा चढत्या क्रमाने. सगळ्यांना एकाच तराजूत घातले नाही. एका शब्दाच्या गैरवापरासाठी एवढा खटाटोप करणारी माणसे आपल्या इतिहासात झाली आणि आपण मात्र ‘सूत्रांची माहिती’ एवढ्यावर विश्वास टाकतो, याची मला गंमत वाटते आणि शरमही. आजचे ‘म्हटले जात आहे’, ‘चर्चा रंगली’, ‘सोशल मीडियावर व्हायरल’ ही सगळी त्या ‘अन’चीच रूपे आहेत.

या दर्जांच्या हिशेबाने माझ्या विद्यार्थ्याचा वड पहिल्या पायरीवरही बसणार नाही. त्याने काही गाळले नव्हते, फक्त आवाज चढवला होता. खालच्या पायऱ्यांवर काय असते ते आपण २०२० मध्ये पाहिले. त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये निजामुद्दीनच्या मर्कजनंतर जे मथळे रोज आले ते इथे पुन्हा लिहिण्याची माझी इच्छा नाही. त्यांतले कितीतरी प्रश्नचिन्ह लावलेले होते. कोणी विधान केलेच नव्हते, केवळ विचारले होते. आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याला मात्र त्या प्रश्नचिन्हाचा उपयोग झाला नाही. ज्या सोसायट्यांत तो दहा वर्षे हातगाडी घेऊन जात होता त्यांनी फाटक लावून घेतले. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्या काळातल्या प्रसारमाध्यमांच्या प्रचारावर स्पष्ट शब्दांत टीका केली. पुढच्या वर्षी, २ सप्टेंबर २०२१ रोजी, जमियत उलमा-ए-हिंद व इतरांच्या याचिकांवरील सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाचे तत्कालीन सरन्यायाधीश रमणा यांनी वेब पोर्टल आणि यूट्यूब वाहिन्यांवरील खोट्या बातम्या व धार्मिक रंग देण्याच्या वृत्तीबद्दल चिंता व्यक्त केली. निकालाच्या बातम्या आल्या, पण त्यांची सुर्खी कोणाच्या आईने शेजारणीला वाचून दाखवली नाही. भाजीवाल्याने तोपर्यंत रिक्षा घेतली होती.

मथळा कसाही असला तरी आतली बातमी खरी असते, मग बिघडले काय, असे जे म्हणतात त्यांना माझे उत्तर इथे आहे. आत जातो कोण? अमेरिका आणि फ्रान्समधील संशोधकांनी २०१६ मध्ये ट्विटरवरच्या दुव्यांचा अभ्यास केला, तेव्हा वाटल्या गेलेल्या दुव्यांपैकी ५९ टक्के दुवे कोणी उघडलेच नव्हते असे आढळले. अशा ठिकाणी मथळा हीच बातमी होते. राशीत हात घालणारा कोणी नसतो. लोक वरचे चार दाणे बघून घरी जातात आणि तेच शिजवतात.

आता माझ्याबद्दल. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक पात्रता परीक्षेविषयी निकाल दिला. प्रकरण महाराष्ट्रातलेच, अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन. सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, असा तो निकाल होता. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना नोकरीत राहण्यासाठी ही अट नव्हती, फक्त बढतीसाठी होती. आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हे लागू करायचे की नाही, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्याची शिफारस त्यात होती. संध्याकाळी माझ्या फोनवर एका संकेतस्थळाचा मथळा आला, ‘टीईटी नसलेल्या शिक्षकांची नोकरी जाणार? सर्वोच्च न्यायालयाचा मोठा दणका’. मी पोळ्या लाटत होते. पिठाच्या हाताने मी तो शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुढे पाठवला, पुढे एक रडका चेहरा लावून. आत काय आहे ते मी पाहिले नाही. मी स्वतः टीईटी उत्तीर्ण आहे, त्यामुळे मला तो निकाल म्हणजे बोलायला एक विषय होता.

आमच्या शाळेत एक ज्येष्ठ शिक्षक आहेत. सगळे त्यांना बडे सर म्हणतात. वय पंचावन्न, टीईटीच्या आधीच्या काळातले. त्यांनी दुवा उघडला. आधी सोनेतारणाची जाहिरात आली, मग गुडघेदुखीच्या तेलाची, मग पडदाच दुसरीकडे गेला. त्यांनी फोन ठेवून दिला. मथळा तेवढा डोक्यात राहिला. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले, तास घेतले, कोणाला काही विचारले नाही. त्या माणसाचा स्वभावच तसा. डिसेंबरात त्यांच्या धाकट्या मुलीचा निकाह होता आणि गावातला बरा हॉल त्यांनी ठरवला होता. त्या दिवशी दुपारी त्यांनी हॉलवाल्याला फोन करून तारीख सोडली, कारण नोकरीच राहणार नसेल तर एवढा खर्च झेपणार नाही. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी निकालाचा सारांश नोटीस बोर्डावर लावला, तेव्हा बडे सर तो चष्मा पुसून पुसून दोनदा वाचत होते. निवृत्तीला तीन वर्षे उरलेली. अल्पसंख्याक शाळा. दोन्ही बाजूंनी ते सुटत होते. हॉल तोवर दुसऱ्याला गेला होता.

सूरह अल-हुजुरातची सहावी आयत मी मुलांना कितीदा समजावून सांगितली आहे. कोणी बेभरवशाचा माणूस बातमी घेऊन आला तर आधी पडताळून पाहा, नाहीतर अजाणता कोणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. मी नेहमी ही आयत ऐकणाऱ्यासाठी आहे अशा थाटात शिकवत आले. त्या दिवशी कळले की बातमी घेऊन येणारी मीच होते. मी बडे सरांना जाऊन सांगितले की, ते मी पाठवले होते आणि न वाचता पाठवले होते. ते म्हणाले, “बेटा, लिखा तो सवालिया निशान के साथ था। मैं ने ही निशान नहीं देखा।” त्यांनी मला माफ केले असावे, पण या वाक्याने मला जास्तच लागले. प्रश्नचिन्ह कशासाठी ठेवतात हे त्यांच्यापेक्षा मला चांगले माहीत होते.

त्या संकेतस्थळाकडे मी तक्रार केली. भारतीय प्रेस कौन्सिलच्या पत्रकारितेच्या निकषांत मथळा सनसनाटी नसावा आणि खालच्या मजकुराने त्याला आधार द्यावा असे म्हटले आहे. कौन्सिलचा अधिकार मात्र वर्तमानपत्रे आणि वृत्तसंस्थांपुरता. संकेतस्थळांसाठी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत तक्रार अधिकारी नेमण्याची आणि पंधरा दिवसांत निर्णय देण्याची तरतूद आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आचारसंहितेच्या काही भागाला अंतरिम स्थगितीही दिली, कारण सरकारच्या हाती वर्तमानपत्राचा कान देणे हेही धोक्याचेच. ते म्हणणे मला पटते. आपल्यासारख्यांनी तर ते आधी समजून घ्यावे. ब्रिटनमध्ये संपादकांच्या आचारसंहितेत, मजकुराचा आधार नसलेला मथळा हा अचूकतेचा भंग मानावा असे शब्द २०१६ च्या जानेवारीपासून आले. ते त्यांनी स्वतःवर लावून घेतले. असो. माझ्या तक्रारीला उत्तर आले नाही, पण आठवड्याने पाहिले तर मथळा बदललेला होता. जुना मथळा मात्र दुव्याच्या पत्त्यात इंग्रजी अक्षरांत तसाच राहिला होता, आणि आमच्या ग्रुपवर माझ्या रडक्या चेहऱ्याखाली तर तो अजूनही जसाच्या तसा आहे.

आपल्या लोकांनी चालवलेली संकेतस्थळेही यातून सुटलेली नाहीत, हे सांगायला हवे. ‘मुसलमानों के लिए बड़ी खबर’ वाचून आत जावे तर कुठल्यातरी दूरदेशीच्या विमानतळावर नमाजसाठी खोली उघडलेली असते. आपली भीती आणि आपला अभिमान, दोन्हींची कास फुगवून बाजारात आणली जाते, आणि विकणारे आपलेच असतात. दुसऱ्यांच्या मथळ्यांवर आपण मोर्चाची भाषा करतो आणि या मथळ्यांना ‘आमीन’ लिहितो.

मी त्या मुलाचा पेपर परत मागवून घेतला आणि शून्याचा एक केला. त्याला सांगितले की, खोटे नाही हे तुझे बरोबर आहे, पण तुझे शीर्षक वाचून उताऱ्यात वड आहे की बाभूळ हे कळत नाही, म्हणून ते मला आवडलेले नाही, तरी गुण घे. त्याने मान हलवली. पटले असे वाटले नाही.

सहामाहीत मी पुन्हा उतारा दिला. या वेळी पाण्याच्या टाक्या आणि विहिरी यांच्यावर होता. त्या मुलाने शीर्षक लिहिले, ‘हमारे गाँव के पुराने कुएँ’. मजकुराला अगदी नेमके. मी पूर्ण गुण दिला आणि वर्गात वाचूनही दाखवले. तास संपल्यावर तो वही घेऊन आला आणि हळूच म्हणाला, “मिस, यह सही है, मगर इस को कोई खोलेगा नहीं।”